बेळगाव सीमाभागातून कृषी आणि पशुवैद्यकीय पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि बेळगाव तालुक्यातून प्रश्न यायला लागतात. त्यातले फिरून फिरून येणारे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. घाईत असाल तर प्र. ६ आणि प्र. ७ आधी वाचा, कारण आपल्याकडच्या मुलांच्या जागा गुणांमुळे जातात त्यापेक्षा जास्त तिथे जातात. टक्केवारी, नमुने आणि तारखा बदलत असतात. त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत वेगळं काही दिसलं तर पुस्तिकेचंच खरं धरा.

प्र. १. कृषी, उद्यानविद्या, पशुवैद्यकीय यांत फरक काय? किती वर्षं लागतात?

कृषीची बी.एस्सी. (ऑनर्स) चार वर्षांची, आठ सत्रांची असते. माती, पिकं, बियाणं, कीड, रोग, शेतीचं अर्थशास्त्र आणि विस्तार हे तिचे मुख्य विषय. उद्यानविद्याही चारच वर्षांची, पण भर फळं, भाज्या, फुलं, मसाले यांवर. पशुवैद्यकीय पदवीला साडेपाच वर्षं लागतात: साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. याशिवाय वनशास्त्र, डेअरी टेक्नॉलॉजी, मत्स्यविज्ञान आणि कृषी अभियांत्रिकी आहेत. कृषी अभियांत्रिकी ही बी.टेक. असते आणि तिला गणित लागतं.

कृषीच्या पदवीत पशुपालनाचा थोडा भाग असतो. त्यावर जनावरांवर उपचार करता येत नाहीत (प्र. १२ पाहा).

प्र. २. बेळगावपासून जवळ कुठे शिकता येईल?

सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण धारवाड. तिथलं कृषी महाविद्यालय १९४७चं, आणि धारवाड कृषी विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं १ ऑक्टोबर १९८६ला. बेळगाव जिल्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. विजयपूर आणि हनुमनमट्टी इथे त्याची कृषी महाविद्यालयं आहेत, सिरसीला वनशास्त्र आहे.

उद्यानविद्येसाठी जिल्हा सोडावाच लागत नाही. गोकाकजवळ अरभावीला कित्तूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालय आहे, ते बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचं. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. कृषी मिळालं नाही म्हणून तोंड पाडून बसलेल्या घरांना अरभावी सुचवलं की आधी 'ते कुठे आलं?' असाच प्रश्न येतो.

पशुवैद्यकीयसाठी कर्नाटकात बिदरचं पशुवैद्यकीय, पशू आणि मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे. त्याची महाविद्यालयं बिदर, बेंगळुरू (हेब्बाळ), शिवमोग्गा, हासन, गदग अशी पसरलेली आहेत. अथणी तालुक्यात कोकटनूरलाही विद्यापीठाने महाविद्यालय उभं केलं आहे. पर्याय भरण्याआधी त्या वर्षीच्या जागांच्या यादीत ते शोधा.

सीमेपलीकडे कोल्हापूरला राजर्षी छत्रपती शाहू महाराज कृषी महाविद्यालय आहे, ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच शिरवळला नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे प्रवेश कसा मिळतो ते प्र. ७ आणि प्र. ८ मध्ये.

प्र. ३. पीयूसीला (अकरावी-बारावीला) कोणते विषय घ्यावेत? गणित सोडलं तर चालेल का?

भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवंच. जीवशास्त्र सोडलंत तर पशुवैद्यकीय कायमचं बंद, आणि कर्नाटकात कृषीलाही अडचण. गणित नसलं तर कृषीत पहिल्या वर्षी गणिताचा पूरक विषय करावा लागतो, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. तरीही जमत असेल तर चारही विषय ठेवा, कारण कृषी अभियांत्रिकीचा दरवाजा त्यामुळे उघडा राहतो. कला किंवा वाणिज्य शाखेतून या पदव्यांना येता येत नाही.

प्र. ४. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी झेपेल का? परीक्षा मराठीत देता येते का?

पदवीचं शिक्षण दोन्ही राज्यांत इंग्रजीत आहे. पहिलं सत्र जड जातं, हे खरं. पण जड जातात ती वनस्पतींची आणि किडींची लॅटिन नावं, आणि ती धारवाडच्या कन्नड माध्यमाच्या मुलालाही तितकीच जड जातात.

कर्नाटक सीईटीची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि कन्नडमध्ये असते, मराठीत नसते. नीट मराठीत देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. म्हणजे बेळगाव केंद्र घेऊन मराठी मागता येत नाही. त्यासाठी कोल्हापूरसारखं केंद्र घ्यावं लागेल. ज्याने पीयूसीची दोन वर्षं इंग्रजीतून काढली आहेत त्याने नीटसाठी मुद्दाम मराठीकडे वळू नये, असं माझं मत. 'पेशीभित्तिका', 'प्रकाशसंश्लेषण' वाचताना मनात परत इंग्रजी शब्द शोधण्यात वेळ जातो.

कन्नडचा प्रश्न वेगळा आहे, तो प्र. १३ आणि प्र. १४ मध्ये.

प्र. ५. नेमक्या कोणत्या परीक्षांचे अर्ज भरायचे?

कर्नाटकातल्या राज्य कोट्यासाठी केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची) सीईटी. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र वगैरे सगळं यातूनच भरतं. क्रमांक ठरवताना बारावीचे गुणही धरले जातात.

देशपातळीवरच्या कृषी जागांसाठी सीयूईटी ही देशव्यापी सामाईक प्रवेश परीक्षा. राज्य कृषी विद्यापीठांतल्या २० टक्के पदवी जागा भारतीय कृषी संशोधन परिषद यातून भरते.

पशुवैद्यकीयसाठी नीट. देशभरातल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद नीटच्या गुणांवर भरते. महाराष्ट्रातही पशुवैद्यकीय प्रवेश नीटवरच होतो. कर्नाटकातल्या राज्याच्या जागा केईए सीईटीवर भरते, म्हणून जनावरांचा डॉक्टर व्हायचं पक्कं असेल तर सीईटी आणि नीट दोन्ही द्या. एकाच परीक्षेवर विसंबून राहू नका.

महाराष्ट्रातल्या कृषी जागांसाठी एमएचटी-सीईटी. ही सगळ्यांनी द्यायची गरज नाही, आधी प्र. ७ वाचा आणि मग ठरवा.

प्र. ६. माझी दहावी बेळगावात झाली, अकरावी-बारावी कोल्हापूरला केली. आता मी कर्नाटकचा की महाराष्ट्राचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. गडहिंग्लज, चंदगड, कागल, कोल्हापूर ही आपल्याला सवयीची ठिकाणं. निपाणीच्या मुलाला बेळगावपेक्षा कागल जवळ. त्यामुळे 'तिकडे मराठीत बोलतात, क्लास चांगले आहेत' म्हणून मुलांना पाठवलं जातं, आणि प्रवेशाच्या वेळी घरात रडारड होते.

कर्नाटकचा नियम असा: पहिली ते बारावी या काळात किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजांत झालेली हवीत, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण हवी. तुमची पहिली ते दहावी इथे झाली असेल तर दहा वर्षं भरली आणि दहावीही झाली. बारावी कोल्हापूरची असली तरी तुम्ही कर्नाटक सीईटीच्या राज्य कोट्यात बसता. फक्त दोन गोष्टी विसरू नका. एक, बारावीचे गुण केईएच्या संकेतस्थळावर स्वतः भरावे लागतात, कारण महाराष्ट्र मंडळाचे गुण केईएकडे आपोआप येत नाहीत. ते राहिले तर क्रमांकच लागत नाही. दोन, पहिली ते दहावीचा अभ्यासाचा दाखला प्रत्येक शाळेतून घ्या आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही घ्या. चौथीपर्यंत एका शाळेत आणि पुढे दुसऱ्या शाळेत शिकला असाल तर दोन्हीकडून. मे महिन्यात मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात, म्हणून हे काम मार्चमध्येच उरका.

उलट अडचण अशा मुलांची होते ज्यांचं घर इथे, पण पाचवीपासून शाळा चंदगडच्या हद्दीत, मग दहावी-बारावीही तिकडचीच. आधार कार्ड, रेशन कार्ड, मतदार यादी, सगळं कर्नाटकातलं. तरीही सात वर्षांची अट पुरी होत नाही. घर कुठे आहे ते हा नियम बघत नाही, शाळा कुठे होती ते बघतो.

आणि महाराष्ट्राचं म्हणाल तर तिथे बारावी केली म्हणजे महाराष्ट्राचे रहिवासी झालात असं होत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न.

प्र. ७. आमचं गाव ८६५ गावांत आहे. महाराष्ट्रात आम्हाला काही सवलत आहे का?

आहे. महाराष्ट्र सरकारने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेश नियमांत सीमाभागाची वेगळी तरतूद असते. तिचा फायदा घेताना दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: तुम्ही त्या वादग्रस्त भागातले आहात, आणि तुमची मातृभाषा मराठी आहे. दोन्हींचे प्रमाणपत्राचे नमुने प्रवेश पुस्तिकेत छापलेले असतात. तेच नमुने भरून घ्या. साध्या कागदावर लिहून आणलेला ग्रामपंचायतीचा दाखला चालत नाही.

इथे तीन ठिकाणी मुलं अडकतात. पहिलं, गावाचं नाव. यादीत ते मराठी रूपात आहे, तुमच्या कागदांवर कन्नड उच्चाराने आहे. दाखल्यावर दोन्ही रूपं लिहून घ्या. दुसरं, शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय. मराठी घरातल्या, पण कन्नड किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांच्या दाखल्यावर तिथे वेगळीच भाषा सापडते, आणि ती दुरुस्त करायला शाळा महिने लावते. हा रकाना आठवीतच बघून ठेवा. तिसरं, ही तरतूद म्हणजे हमखास जागा असा समज. सीमाभागाच्या यादीतही गुणवत्तेनेच क्रमांक लागतो, आणि एमएचटी-सीईटी किंवा नीट द्यावीच लागते.

माझा सल्ला विचाराल तर कृषीसाठी आधी कर्नाटकचा दरवाजा ठोठवा. तिथे शेतकरी कोटाही आहे (प्र. ९). पशुवैद्यकीयसाठी मात्र दोन्हीकडे अर्ज करा. नीटचे गुण महाराष्ट्रात आणि देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी कामाला येतात, कर्नाटकातल्या राज्याच्या जागांसाठी सीईटी लागते (प्र. ५).

प्र. ८. सीमाभागाची सवलत नको, पण राहुरी किंवा दापोलीला शिकायचं आहे. दुसरा मार्ग?

सीयूईटी. परिषदेच्या २० टक्के जागांतून (प्र. ५) महाराष्ट्रातल्या राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत जाता येतं. तिथे सीमाभागाचं प्रमाणपत्र लागत नाही, कारण या जागा देशपातळीवरच्या आहेत. उलट स्वतःच्या राज्याबाहेर शिकायला गेल्यावर परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीही मिळू शकते. बेळगावच्या मराठी मुलांनी या मार्गाचा फारसा विचार केलेला दिसत नाही. काजू, आंबा, भात यांत ज्याला रस आहे त्या खानापूरच्या मुलाने दापोली जरूर बघावं. पाऊस आणि लाल माती दोन्ही ओळखीची वाटेल.

प्र. ९. शेतकरी कोटा म्हणजे काय? उतारा आजोबांच्या नावावर आहे, चालेल का?

कर्नाटकातल्या कृषी विद्यापीठांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. २०२१मध्ये हा कोटा ४० टक्क्यांवरून ५० टक्के झाला. म्हणजे निम्म्या जागा. यासाठी तहसीलदारांचं शेतकरी कुटुंबाचं प्रमाणपत्र लागतं आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते.

आजोबांच्या नावावरचा उतारा हे आपल्याकडचं घरोघरचं दुखणं. वाटणी तोंडी झालेली, आजोबा वारलेले, नोंद मात्र तशीच. केईए तुमचा उतारा तपासत बसत नाही. ती तहसीलदारांचं प्रमाणपत्र बघते. ते मिळवताना कचेरीत वंशवृक्ष जोडावा लागतो, आणि त्यात आजोबा, वडील आणि तुम्ही अशी साखळी स्पष्ट दिसायला हवी. वारस नोंद करायची राहिली असेल तर ती आजच सुरू करा. नोंदीला हरकतीची मुदत असते. सीईटीचा अर्ज सुरू झाल्यावर महसूल खात्याच्या नाडकचेरीत धावून ती लवकर संपत नाही. प्रमाणपत्रावरचा आरडी क्रमांक जपून ठेवा, अर्जात तोच भरायचा असतो.

आता प्रात्यक्षिक. याला लोक हलक्यात घेतात. 'आम्ही शेतकरीच, आम्हाला काय विचारणार?' असं म्हणून मुलगा तसाच जातो. समोर बियाणं, खतं, तण, अवजारं मांडलेली असतात आणि ती ओळखून उपयोग सांगायचा असतो. बेळगाव तालुक्यातल्या मुलाला भात, रताळी, बटाटा, मसूर डोळे मिटून ओळखता येतात. पण करडई? जवस? राळं? सूर्यफुलाचं संकरित बी? ही पिकं त्याच्या शिवारात नाहीतच. अथणीच्या मुलाची गंमत उलटी: ज्वारी, तूर, हरभरा पाठ, पण भाताचं रोप आणि पाखड हे तण यांत तो गोंधळतो. युरिया आणि डीएपी दाण्यावरून सगळे ओळखतात. पोटॅश आणि सुपर फॉस्फेट यांच्यात चुकतात. म्हणून एखाद्या कृषी सेवा केंद्रात दोन तास बसा, पोत्यांवरची नावं वाचत प्रत्येक खत हातात घेऊन बघा. बाजारात बियाण्यांच्या दुकानात प्रत्येकाचे चार दाणे मागून घ्या आणि डबीत नाव लिहून ठेवा. अवजारांची नावं मराठीबरोबर कन्नड किंवा इंग्रजीतही येऊ द्या, कारण समोरच्या परीक्षकाला मराठी येईलच असं नाही.

जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, गोकाकजवळ तुक्कानट्टीला आणि बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पला. परीक्षेआधी तिथे एक चक्कर मारा, सगळं एका ठिकाणी बघायला मिळतं.

प्र. १०. आम्ही मराठा. कर्नाटकात कोणता प्रवर्ग? तोच दाखला महाराष्ट्रात चालतो का?

कर्नाटकात मराठा समाज ३-बी प्रवर्गात आहे. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून मिळतो. हा दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी चालत नाही, आणि तिकडच्या नातेवाइकांचा दाखला दाखवून इकडे मागता येत नाही. प्रत्येक राज्याची यादी वेगळी. महाराष्ट्रात सीमाभागाच्या तरतुदीतून अर्ज करताना जातीच्या आरक्षणावर हिशेब मांडू नका.

प्र. ११. ग्रामीण आरक्षण, कन्नड माध्यमाचं आरक्षण आणि ३७१-जे: यांतलं आम्हाला काय लागू?

ग्रामीण: पहिली ते दहावी अशी दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असतील तर लागू. माध्यम मराठी असलं तरी चालतं. मेख अशी की राहणं नाही, शाळा ग्रामीण हवी. हिंडलग्याला राहून बेळगाव शहरातल्या शाळेत शिकलेल्या मुलीला हे आरक्षण मिळत नाही. खुल्या गटातल्यांना यासोबत क्रीमी लेयरमध्ये नसल्याचा दाखलाही लागतो.

कन्नड माध्यम: पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी. मराठी शाळेत कन्नड हा विषय होता एवढ्यावर मिळत नाही.

३७१-जे: राज्यघटनेतल्या या कलमाचं आरक्षण कल्याण कर्नाटकासाठी, म्हणजे बिदर-कलबुर्गी भागासाठी. बेळगाव जिल्हा त्यात येत नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातल्या मराठी मुलांना मात्र ते मिळतं. त्या प्रदेशातल्या संस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांना आणि उर्वरित राज्यात ८ टक्के. म्हणून बिदरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गणितं बेळगावच्या मुलाने गदग किंवा शिवमोग्ग्याच्या आकड्यांवरून मांडू नयेत.

प्र. १२. बी.एस्सी. कृषी किंवा पशुसंवर्धन डिप्लोमा करून गावात जनावरांवर उपचार करता येतील का?

नाही. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे, आणि नोंदणीसाठी पशुवैद्यकीय पदवी लागते. डिप्लोमाधारकाला काही किरकोळ सेवा पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली देता येतात, तेवढंच. कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण घेतलेल्यालाही गावात 'डॉक्टर' म्हणतात, त्यावरून गैरसमज होतो.

कर्नाटकातून पदवी घेऊन पुढे कोल्हापूर भागात व्यवसाय करायचा असेल तर नोंदणी एका राज्याच्या परिषदेतून दुसरीकडे बदलून घेता येते.

प्र. १३. पशुवैद्यकीय अभ्यास खरंच कसा असतो? मुलींना जमतो का?

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र. मोठ्या हॉलमध्ये फॉर्मालिनमध्ये ठेवलेलं जनावर, डोळ्यांना झोंबणारा वास, आणि हाडावरची प्रत्येक खाच पाठ करणं. पुढे औषधशास्त्र, रोगनिदान, शस्त्रक्रिया, प्रजनन. गर्भतपासणी शिकताना खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून गुदमार्गातून हात घालायचा आणि आतड्याच्या पडद्याआडून गर्भाशय चाचपायचं. पहिल्या वेळी बोटांना शेणाशिवाय काही लागत नाही. कित्येक तपासण्यांनंतर दोन महिन्यांचा गाभ बोटांना कळायला लागतो, आणि तोपर्यंत दंड सुजलेला असतो.

मुलींना जमतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आता मुली भरपूर आहेत. ताकदीचा मुद्दा अडलेल्या म्हशीजवळ येतो खरा, पण तिथे नुसत्या ओढण्याने काम होत नाही. वासराचा मागे वळलेला पाय आधी सरळ करायचा असतो, आणि लहान हाताला ते सोपं जातं.

आपल्या भागातली जनावरं शिकायला उत्तम. कृष्णाकाठची कृष्णा खोरी गाय, अथणीकडे खिलार, पंढरपुरी म्हैस, धारवाडी म्हैस. आजारही आपले. गळीत हंगामात महिनोन्महिने फक्त उसाचं वाढं खाणारी म्हैस दूध कमी देते, कधी व्यायल्यावर उभीच राहत नाही, कारण वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातला कॅल्शियम बांधून ठेवतं. निपाणी-चिकोडीच्या मुलाने हे घरी बघितलेलं असतं, फक्त त्याचं कारण तो तिथे शिकतो.

भाषेचं सांगायचं तर दवाखान्यात जनावर घेऊन येणारा माणूस कन्नडमध्ये बोलतो. 'कधीपासून चरत नाही' एवढं विचारता आलं नाही तर निदान तिथेच अडतं. प्रवेश झाल्यावर पहिल्या सुटीत रोजच्या वापरातलं कन्नड पक्कं करून टाका. बेळगावात वाढलेल्याला ते जड नाही. बाजारात बोलतोच की आपण.

प्र. १४. नोकरी कुठे मिळते? कन्नड किती लागतं?

कर्नाटकात रयत संपर्क केंद्रातल्या कृषी अधिकाऱ्यांची भरती कर्नाटक लोकसेवा आयोग करतो, आणि त्यात सक्तीचा कन्नड पेपर असतो. चौथ्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवात मुलांना गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं, तिथेही कन्नडच. 'मराठी मुलाने कन्नड का शिकावं' हा वाद घरी जरूर घाला, पण धारवाडला जाताना लिहिता-वाचता येण्याइतकं कन्नड घेऊन जा. ज्याला येतं त्याला दोन राज्यांत काम मिळतं, कारण साखर कारखान्यांना, बियाणं कंपन्यांना आणि दूध संघांना सीमेच्या दोन्ही बाजूंनी बोलणारा माणूस हवाच असतो.

बँकांतल्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्यांची भरती देशपातळीवर होते. कारखान्यांच्या शेती विभागात ऊस विकासाचं काम असतं. पुढे साखर तंत्रज्ञान शिकायचं असेल तर बेळगावातच एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. पशुवैद्यकांसाठी सरकारी दवाखाने, दूध संघ, कुक्कुटपालन कंपन्या, औषध कंपन्या आणि स्वतःचा व्यवसाय. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीचा विचार असेल तर त्या जाहिरातीतली अधिवासाची अट आधी वाचा.

प्र. १५. धारवाडला शिकलेलं महाराष्ट्रात आणि राहुरीला शिकलेलं इथे उपयोगी पडतं का?

पडतं. अभ्यासक्रम कृषी संशोधन परिषदेच्या अधिष्ठाता समितीने ठरवलेला, देशभर बहुतेक सारखा. फरक स्थानिक पिकांचा आणि वाणांचा. निपाणीच्या एकाच बांधाच्या अलीकडे धारवाडचं डीएसबी २१ सोयाबीन असतं आणि पलीकडे फुले संगम, म्हणजे राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राचं केडीएस ७२६. दोन्ही विद्यापीठांना तांबेऱ्यानेच घेरलं होतं. कृष्णाकाठी हा रोग इतका माजतो की तांबेऱ्याला वाण किती टिकतात ते उगार खुर्दच्या शिवारात तपासलं जातं. संशोधनात रस असलेल्याने धारवाडच्या कपाशीची गोष्टही माहीत करून घ्यावी. डॉ. बी. एच. कटारकी यांनी तिथे तयार केलेला वरलक्ष्मी हा संकरित वाण १९७२चा, दोन वेगळ्या प्रजातींच्या संकरातून आलेला.

एम.एस्सी.ला कुठल्याही राज्यात जाता येतं. त्यासाठी परिषदेची वेगळी प्रवेश परीक्षा आहे.

प्र. १६. पदवीनंतर गावात खत-औषधांचं दुकान किंवा स्वतःचं केंद्र काढायचं आहे.

कीटकनाशकांच्या परवान्यासाठी विक्रेत्याला ठरावीक शैक्षणिक पात्रता लागते, आणि कृषी पदवी त्यात बसते. याशिवाय २००२पासून केंद्राची कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना आहे. ४५ दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण, मग वैयक्तिक प्रकल्पासाठी २० लाखांपर्यंत कर्ज. अनुदान खुल्या गटाला ३६ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. पशुवैद्यकांनाही ही योजना लागू आहे. बँक मात्र प्रकल्प अहवाल बघूनच बोलते, आणि तो कुणाच्या तरी संगणकातून उचललेला असेल तर मॅनेजरला दुसऱ्या पानावर कळतं.

प्र. १७. एका खासगी संस्थेने 'सीईटीची गरज नाही, घरबसल्या बी.एस्सी. कृषी' असं सांगितलं. घेऊ का?

नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या नियमांनुसार कृषी आणि उद्यानविद्या दूरशिक्षणातून देता येत नाहीत. खासगी महाविद्यालयात प्रत्यक्ष प्रवेश घ्यायचा असेल तर त्याला कृषी संशोधन परिषदेची मान्यता आहे का, ते शुल्क भरण्याआधी विचारा. मान्यता नसेल तर पुढे एम.एस्सी.ला आणि नोकरीला अडतं. 'प्रक्रिया सुरू आहे' याचा अर्थ मान्यता नाही.

प्र. १८. आमच्याकडे शेती नाही. तरीही कृषीला जाता येतं का?

येतं. शेतकरी कोटा सोडून उरलेल्या जागा सर्वांसाठी आहेत, तिथे प्रात्यक्षिक परीक्षाही नाही. वडगावच्या विणकराच्या घरातली मुलगी किंवा शहापूरच्या दुकानदाराचा मुलगा चांगल्या क्रमांकावर सहज जाऊ शकतो. अशांनी प्रवेशाआधी सप्टेंबरात धारवाडचा कृषी मेळा बघून यावा. निम्म्या शंका तिथेच मिटतात.

प्र. १९. पशुवैद्यकीय थोडक्यात हुकलं, कृषी मिळतंय. घेऊ की एक वर्ष थांबू?

जनावरांचंच काम करायचं असेल आणि नीटमध्ये थोड्याच गुणांनी मागे असाल तर थांबायला हरकत नाही, कारण कृषीतून पुढे पशुवैद्यक होता येत नाही (प्र. १२). पण 'डॉक्टर म्हणवून घ्यायचं' एवढंच कारण असेल तर कृषी घ्या. तिसरा पर्याय डेअरी टेक्नॉलॉजीचा. दूध प्रक्रियेत ज्याला रस आहे त्याला तो पशुवैद्यकीयपेक्षा जवळचा.

कृषीची जागा घेऊन वर्षभर नीटचा अभ्यास करू, असं बरेच जण ठरवतात. कृषीत उपस्थितीची अट कडक असते आणि सकाळची प्रात्यक्षिकं शेतात असतात, त्यामुळे दोन्हीकडे अर्धवट होतं. तरीही तसंच करायचं असेल तर केईएची प्रवेश रद्द करण्याची मुदत आणि त्यानंतरचा दंड आधी वाचून घ्या, आणि मूळ कागदपत्रं महाविद्यालयात जमा करण्यापूर्वी प्रत्येकाच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. पुढच्या वर्षीच्या पडताळणीच्या दिवशी मूळ दाखले दुसऱ्या कॉलेजच्या कपाटात असतील तर पर्याय भरायला मिळत नाहीत.